पिंपळाखालची बाई

अकोल्याच्या जुन्या शहरात एके काळी अशी कुजबुज होती की, दाऊदमियाँ फोटोवाल्यानं मेळघाटात सेमाडोहच्या जंगलात दुसरं घर केलं आहे. घर म्हणजे अगदी घर: गवताची झोपडी, तिच्यावर छत्रीसारखा पसरलेला पिंपळ, आणि दारात बसलेली बाई. सांगणारा आधी मागंपुढं पाहायचा, मग "कोणाले सांगू नका बरं," म्हणायचा, आणि दिवे लागायच्या आत मोर्णा नदीच्या दोन्ही काठांना बातमी पोचलेली असायची. पानठेल्यावर त्या बाईला एक पोरगं झालं. पुढं पिठाच्या गिरणीवर जाईपर्यंत ते शाळेत जायला लागलं.

चांगली अफवा मला लोणच्यासारखी वाटते, मुरली की तिची गोडी. ही मात्र मुरायच्या आत नासायला निघाली, कारण तिच्यात दाऊदमियाँच्या लेकीचं, नसीमबानोचं लग्न सापडलं.

दाऊदमियाँ आमचे भिंतीला भिंत लावून शेजारी. आफताब फोटो स्टुडिओचे मालक तेच, नोकर तेच आणि झाडूवालेही तेच. खाली दुकान, मागं काळोखी खोली, वर बिऱ्हाड आणि बिऱ्हाडावर गच्ची. माणूस काटकुळा. सगळी उमर काळ्या कापडाखाली डोकं घालण्यात गेल्यामुळं उजेडात आला की घुबडासारखे डोळे मिचकावायचा. दुकानावर निळी पाटी होती, आणि पाटीवर दुकानाच्या नावापेक्षाही मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'फोटो खोटं बोलत नाही.' हे वाक्य त्यांनी स्वतः सुचवलं आणि स्वतःच रंगवलं. पुढं ते त्यांच्याच गळ्याशी आलं, ते सांगतोच.

पोट भरायचं लग्नावर, मॅट्रिकच्या पोरांवर आणि मयतावर. पण जीव होता झाडांत.

"भाऊसाब," ते मला म्हणायचे, "माणसाचा फोटो म्हणजे कटकट. हसा म्हटलं तं रडते, हालू नोका म्हटलं तं नाक खाजवते. झाड पाहा कसं उभं राह्यते. त्याले नाई वाटत का आपला फोटो गोरा याले पाह्यजे."

दिवाळी झाली, लग्नसराईला अवकाश असला, की दुकानाला कुलूप लावून ते निघत. बसनं परतवाड्यापर्यंत, तिथून लाकडाच्या ट्रकवर बसून चिखलदरा, नाहीतर खाली सेमाडोह. परत येत तेव्हा दाढी वाढलेली, अंगाला धुराचा वास, आणि पेटीत नुसती झाडं. त्यांची बायको कुलसुमबी दरसाल डबा बांधून देताना विचारायची, "मले कधी नेता जंगलात?" आणि हे म्हणायचे, "पुढच्या साली." पुढचं साल हा त्या घरातला जुना भाडेकरू होता, कधी घर सोडून गेला नाही.

तक्रार मात्र आल्यावर ठरलेली. "जंगलात सारं दिसते भाऊसाब, झाड नाई दिसत. एक पूरं झाड फोटोत घ्यावं म्हणून मांगं सरकलो, का दुसरं मधात येते. ते टाळलं का तिसरं. शेंड्यापासून बुडापर्यंत एकटं उभं असलेलं एक झाड मले त्या मेळघाटात कोणी दाखवलं नाई."

तसं झाड त्यांना शेवटी आमच्या घराच्या भिंतीनं दिलं.

आमच्या लोकांची एक खोड आहे. भिंतीच्या फटीत पिंपळ उगवला तर भिंत फुगेल, तडकेल, शेवटी घर खाली बसेल, पण तो उपटायला घरातला एकही हात पुढं होणार नाही. पाप लागतं म्हणून. मग कुणीतरी दाऊदमियाँच्या दुकानात जाऊन इकडचं तिकडचं बोलून हळूच म्हणायचं, "जरा घराकडं येऊन जाता का मियाँ? मांगच्या भिंतीचं पाहाचं होतं." दाऊदमियाँ ओला फडका आणि बोथट सुरी घेऊन जायचे. पाप त्यांच्या खात्यावर, भिंत आपल्या खात्यावर. ते रोप फेकून देतात अशीच सगळ्यांची समजूत होती. दीक्षेनंतर आमच्या आळीच्या धर्मपालनं तेवढं एकदा उघड उघड मागितलं, "दाऊदचाचा, एक पिंपळ मले द्या, विहाराच्या अंगणात लावतो." तो पिंपळ आज विहारापेक्षा उंच आहे.

बाकीचे गेले गच्चीवर. खापरात, फुटक्या कवेलूत, डब्याच्या झाकणात. दाऊदमियाँ त्यांची मुळं कातरायचे, शेंडे खुडायचे, फांद्यांना तांब्याच्या तारेनं बाक द्यायचे. जपानात असं काही करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि अकोल्यात तसं सांगणारंही कोणी नव्हतं. आमच्या मागच्या भिंतीतून काढलेला पिंपळ, ज्याच्यासाठी आमच्या सौ. इंदूबाईंनी मला "हात लावाल तं याद राखा" असा दम दिला होता, तो काही वर्षांत वीतभर उंचीचा म्हातारा झाला. बुंधा गाठाळ, पानं नखाएवढी, आणि फांद्या अशा पसरलेल्या की खाली बाजार भरावा.

एका थंडीत दाऊदमियाँनी कुलसुमबीची कणीक मळायची परात उचलली. "आणून देतो," म्हणाले. ती परात स्वयंपाकघरात पुन्हा आली नाही. परातीत माती पसरली, मधोमध पिंपळ लावला. पोळ्याला पूजेत मांडतात ते मातीचे बैल, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, सावलीत बसवले. खराट्याच्या काड्यांची झोपडी केली. झोपडीच्या दारात एक मातीची बाई येऊन बसली, डोक्यावर पदर, पाठ आपल्याकडं, एक पाय लांब पसरलेला. मागं दोरीवर करडं घोंगडं अशा घड्या पाडून टाकलं की दुरून सातपुडाच वाटावा. मग कॅमेरा मुंगीच्या उंचीवर आणून दाऊदमियाँ पोटावर झोपले. वारा वाहायच्या आतली सकाळ. तरी झुळूक आलीच तर अडवायला कुलसुमबी चादर धरून बसलेली. जिन्यावरून पडल्यापासून तिचा डावा गुडघा वाकत नसे, म्हणून तीही तशीच पाय पसरून.

"श्वास घ्यू नोको," दाऊदमियाँ म्हणाले.

"झाडाले सांगता का मले?"

"दोघाले."

फोटो धुऊन बाहेर आला तेव्हा मी दुकानात होतो. मला सारं ठाऊक असूनही मी विचारलं, "मियाँ, हा कुठला?" ते लहान पोरासारखे हसले. जंगलानं जे झाड त्यांना कधी दिलं नव्हतं ते त्यांनी आमच्या भिंतीतून काढलं होतं: शेंड्यापासून बुडापर्यंत, एकटं, पूर्ण.

एकसष्टच्या सुमाराला अमरावतीला एक प्रदर्शन भरलं. त्यात फोटोंचा विभाग होता, 'अरण्यातील वृक्ष' असं नाव. दाऊदमियाँनी सेमाडोहचे फोटो पाठवले आणि मोह न आवरून हाही त्यात सरकवला. बाकी सगळ्यांच्या मागं सेमाडोह लिहिलेलं होतं, म्हणून मांडणाऱ्यानं याच्याखालीही सेमाडोह लिहून टाकलं. दाऊदमियाँनी ते पाहिलं आणि गप्प बसले. पहिलं बक्षीस म्हणून चांदीचा कप मिळाल्यावर तर जास्तच गप्प बसले. मलाही गप्प बसायला सांगितलं. माझ्यासारख्या माणसाला अशी शपथ घालणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं, पण शेजारधर्म म्हणून मी ती पाळली.

कप दुकानाच्या काचेत आला, शेजारी तो फोटो आला, आणि फोटोतल्या बाईवर गावाची नजर गेली. झाड कोण पाहतो? बाई कोण, ते आधी.

समोरच्या पार्बताबाई एक दिवस सूप घेऊन कुलसुमबीकडं आल्या. सूप नुसतं निमित्ताला. बसल्या, उसासा टाकला, पुन्हा टाकला.

"भाभी, तुमाले मालूम हाय का काही?"

"काय व?"

"ते... जंगलातलं."

"हाय ना."

पार्बताबाईंना ठसकाच लागला. "अन् तुमी काही म्हनत नाई त्याइले?"

"काय म्हनू? गरीब हाय बिचारी. दारात बसून राह्यते, खाले मांगत नाई, भांडत नाई. अशी सवत कोणाले भेटते?"

पार्बताबाई उठल्या त्या सूप विसरून. संध्याकाळी गल्लीभर झालं की कुलसुमबीनं सवत कबूल केली. आमच्या इंदूबाईंनी तिला झापलं, "काहून असं बोलता? लोकं खरं मानतात." कुलसुमबी हसत म्हणाली, "मानू द्या ना बापा. माह्यं काय जाते?"

जाणार होतं ते नसीमबानोचं.

नसीमबानो बापाच्या हाताखाली काळोख्या खोलीत फोटो धुवायची. तिच्यासाठी अमरावतीहून सांगून आलेलं स्थळ म्हणजे अब्दुल सत्तार यांचा मुलगा. सत्तारसेठची सागवानाची मोठी टाल, म्हणजे लाकडाची वखार. मुलगा अकोल्याला आला तेव्हा दाऊदमियाँनीच त्याचा फोटो काढला. नसीमबानोनं तो धुतला, दोरीवर वाळत घातला, आणि वाळून कडक झाला तरी दोरीवरून काढला नाही. कुलसुमबीनं ते पाहिलं आणि रिश्ता पक्का समजली.

आणि अमरावतीहून निरोप आला की निकाह थांबवा. निरोप आणणारे चाचा खाली मान घालून सांगत होते, "सत्तारसेठच्या घरचे म्हनतात, दुसरी केली त्याचं काही नाई. करतात लोकं. पन लपवली काहून? जो बाप घर लपवते तो पोरीचं अजून काय काय लपवत असन?"

"कोनं सांगतलं? माही कोणी दुसरी नाई!"

"अहो, पन फोटो हाय ना. प्रदर्शनात साऱ्यायनं पाह्यला. अन् तुमच्याच पाटीवर लिव्हलं हाय, फोटो खोटं बोलत नाई."

दाऊदमियाँनी डोळे मिचकावले. उजेड नव्हता तरी मिचकावले.

त्या दिवशी गच्चीवर नवराबायकोचं जे झालं ते आमच्या मोरीतून ऐकू येत होतं. मोरीत मला कामही होतंच.

"सांगून टाका ना, का झाड परातीतलं हाय."

"अन् कप?"

"कपात चहा पेता का त्याच्या?"

"कपाचं नाई व. उद्या लोकं म्हनतीन, दाऊदचे सारेच फोटो खोटे. लग्नाच्या फोटोतली नवरीही खोटी. दुकान कसं चालन?"

"नवऱ्या तुमी पेन्सिलीनं गोऱ्या करता, तवा नाई याद येत?"

मग कुलसुमबीचा आवाज बदलला. "पोरगी रातच्या पासून जेवली नाई. तिले कप वाढू का ताटात? पोरगी का कप, बोला."

परात दगडावर ठेवल्याचा आवाज झाला. पुढं काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं दाऊदमियाँ आमच्या दारात उभे. "भाऊसाब, अमरावतीले येता का? परात धराले दोन माणसं लागतात. अन् बोलाले एक."

गोणपाटात गुंडाळलेली ती परात आम्ही रेल्वेत बडनेऱ्यापर्यंत मांडीवर घेऊन बसलो. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "मिठाई हाय का?" दाऊदमियाँ म्हणाले, "हो. रिश्त्याची." आणि वाटभर खिडकीबाहेर बघत राहिले. एकेक बाभूळ, एकेक कडुनिंब येऊन मागं जात होता, सगळे शेंड्यापासून बुडापर्यंत पूर्ण, एकटे, मोकळ्या रानात. मी दाखवलं तर म्हणाले, "आता काय दाखवता?"

सत्तारसेठची टाल म्हणजे लाकडांची गल्लीच. सेठ गादीवर, अंगात शिकारीचा खाकी कोट, भिंतीवर शिंगं. आम्हाला बसवलं, पाणी दिलं, पण चहाचं बोलले नाहीत. वऱ्हाडात एवढं पुरतं.

"दाऊदमियाँ, मी दुनिया पाह्यलेला माणूस. मेळघाटातलं झाडनझाड मले वळखते. तो पिंपळ मले मालूम नाई का? त्याच्याखाली बसलो मी. शिकारीले गेलो होतो तवा. त्या बाईनं मले मटक्यातलं पाणी देल्लं. आता तुमी म्हनता ती तुमची कोणी नाई?"

टालीवरची दोन-चार माणसं कान देऊन होती. दाऊदमियाँनी त्यांच्याकडं पाहिलं. मनात आणलं असतं तर तिथंच गोणपाट सोडता आलं असतं. त्या एका झटक्यात पोरीचं लग्न सावरलं असतं की मोडलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही.

"सेठ," ते म्हणाले, "यायले जरा भायेर पाठवता का?"

माणसं गेली. दार लागलं. दाऊदमियाँनी परात गादीसमोर ठेवली आणि ओलं गोणपाट हळूच सोडलं. पिंपळ, बैल, झोपडी.

सत्तारसेठ वाकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे काय हाय?"

"पिंपळ," दाऊदमियाँ म्हणाले. "तुमी ज्याच्याखाली बसले होते तो."

मला बोलायला म्हणून आणलं होतं, मी गोणपाटाची घडी घालत बसलो. सेठचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. हसू आलं असतं, पण दाऊदमियाँ हसत नव्हते. त्यांनी हात जोडले होते.

"मी खोटा हाय सेठ. कप खोट्याचा हाय. चौकात सांगा, मी नाई म्हननार नाई. पन पोरीची काही गलती नाई."

सेठनी बोट पुढं करून एक पान हळूच चाचपलं, जणू लाकूड घेताना चाचपतात. मग एकदम खाली बसले आणि कोटाचं बटण सोडलं.

"मी परतवाड्याच्या पुढं कधी गेलो नाई," ते म्हणाले. "लिलाव तिथंच होते ना. पुढं जाऊन काय करू? मले मोटर लागते घाटात." आणि शिंगांकडं बघून, "ते बी लिलावातलेच हाय."

मग सगळं बाहेर आलं. प्रदर्शनात या फोटोपुढं उभं राहून सेठनी चारचौघांत सांगितलं होतं की हे झाड माझ्या ओळखीचं. कोणी विचारलं, बाई कोण? सेठ म्हणाले, फोटोवाल्याचीच असंल, दुसऱ्याची असती तं फोटो काढू देल्ला असता का? लोक हसले. ते हसणं अकोल्याला गेलं, जुन्या शहरात जेवलं-खाल्लं, धष्टपुष्ट झालं, आणि एका नातेवाइणीच्या तोंडून अमरावतीला परत आलं. सेठच्या घरात बातमी शिरली तेव्हा ती इतकी वाढलेली होती की सेठनाही आपली ओळखू आली नाही. त्यांनी स्वतःचीच थाप खरी मानून स्वतःच्याच मुलाचं लग्न थांबवलं होतं.

"हे कोणाकोणाले मालूम हाय?" सेठनी विचारलं.

"तुमाले, मले, भाऊसाबले. अन् आमच्या घरात."

सेठनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडाची कीर्ती अमरावतीपर्यंत पोचलेली दिसली.

"कप राहू द्या तुमच्याजोळ," सेठ म्हणाले. "माह्यी शिकार राहू द्या माह्याजोळ. घरी मी सांगतो का मी पुन्हा जाऊन पाह्यलं. बाई म्हातारी हाय, बेवा हाय, दाऊदमियाँनं तिले बहीन मानलं हाय. बस?"

"बस."

तेव्हा कुठं चहा आला. तो पिता पिता सेठ पुन्हा परातीत वाकले. झोपडीच्या दारात मातीत नुसता एक खळगा होता.

"अन् बाई कुठी हाय?"

"ती घरी राह्यली," दाऊदमियाँ म्हणाले. मला ते थट्टेचं उत्तर वाटलं. बाहुली गाडीत पडून हरवू नये म्हणून काढली असेल, असं मी धरलं.

निकाह झाला. सत्तारसेठच्या बेगमनं जेवताना कुलसुमबीला विचारलं, "तुमच्या त्या सेमाडोहच्या नणंदबाई नाई आल्या?" कुलसुमबीनं घास गिळून सांगितलं, "ती जंगल सोडून येत नाई." नसीमबानो पदराआड हसली. बापानं लेकीचे फोटो काढले आणि पेन्सिलीनं तिला गोरं केलं नाही.

अमरावतीहून परतल्यावर दाऊदमियाँनी एक काम केलं होतं. शिडी लावून पाटीवरचं ते वाक्य त्यांनी निळ्या रंगानं पुसून काढलं. नवा निळा जुन्या निळ्याशी जुळला नाही, त्यामुळं उन्हात अक्षरं आणखीच दिसायची. कप काचेतून निघून कपाटात गेला. फोटो मात्र जागचा हलला नाही, आणि फोटो होता तोवर कुजबुजही होती. काहींनी बहीण मानली, काहींनी डोळा मारला. सेठचा शब्द दोघांनी पाळला, आणि आश्चर्य म्हणजे मीही पाळला.

पासष्टच्या पुढं दाऊदमियाँची छाती बिघडली, घाट बंद झाला. अडुसष्टच्या हिवाळ्यात ते गेले. चाळिसावा झाल्यावर कुलसुमबीनं पेटीतून एक चिंधी काढली आणि आमच्या इंदूबाईंच्या हातावर उलगडली. आत ती मातीची बाई होती. इंदूबाईंनी विचारलं ते विचारलं, आणि कुलसुमबीनं सांगितलं ते सांगितलं. आता दाऊदमियाँ-कुलसुमबी नाहीत, सत्तारसेठ नाहीत, माझी शपथही फिटली. तर ऐका.

सेमाडोहात दाऊदमियाँची कोणी बाई नव्हती. फोटोतली बाई कुलसुमबी होती. तिनं मोर्णेच्या मातीची स्वतःची बाहुली केली, डावा पाय पसरून झोपडीच्या दारात बसवली, कारण दाऊदमियाँनी तिला जंगलात कधी नेलं नाही.